हिरा नावाची शेळी

मालिकावाल्यांना दुष्काळ हवा होता, आणि तोही बाहत्तर सालचा. आधी ते पारनेर तालुक्यात फिरले. राळेगणसिद्धीकडं जागा बघायला गेले, तर तिथं बंधारे, झाडं आणि दुधाच्या गाड्या बघून त्यांचा विरस झाला. "इथल्या लोकांनी फारच काम करून ठेवलंय," असं दिग्दर्शक हर्षल सर गाडीत बसता बसता कुरकुरले म्हणे. मग पूर्वेकडं सरकत सरकत ते पाथर्डीच्या बाजूला आले, आणि झुंबरबाईंच्या गावचा उघडाबोडका माळ पाहून त्यांना हायसं वाटलं. गावालाही बरंच वाटलं. आजवर ज्या माळाकडं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याला 'लोकेशन' म्हणणारी माणसं पहिल्यांदाच भेटत होती.

एकच अडचण निघाली. माळाच्या पोटाशी पाझर तलाव होता आणि तो यंदा काठोकाठ भरला होता. कॅमेऱ्यात पाणी दिसत होतं.

"काही नाही, पोस्टमध्ये काढू," कॅमेरामन म्हणाला.

झुंबरबाईंना पोस्ट म्हणजे टपाल एवढंच ठाऊक. मालिकेचा लेखक आदिनाथ शेजारी उभा होता, त्यानं समजावून सांगितलं की शूटिंग झाल्यावर कॉम्प्युटरवर पाणी पुसून टाकता येतं.

"बरं हाय की," झुंबरबाई म्हणाल्या. "आमाला ते साठवायला दीड वरीस लागलं."

हा तलाव बाहत्तरच्या दुष्काळी कामावर झाला होता. तेव्हा झुंबरबाई चौदा वर्षांच्या होत्या. त्यांनी इथंच खडी फोडली होती, मुरमाची घमेली वाहिली होती. आता सदुसष्टाव्या वर्षी त्याच जागी खडी फोडण्याचा अभिनय करायला त्यांना बोलावलं होतं. बरोबर गावातल्या वीसेक बाया होत्या, आणि लहानपणापासूनची मैत्रीण शमशाद होती. कागदावर त्यांचा हुद्दा होता 'दुष्काळग्रस्त महिला'. आयुष्यात पहिल्यांदाच हुद्दा मिळाला, तोही असा.

पहिल्या दिवशी झुंबरबाई घरून आपलं जुनं लुगडं नेसून गेल्या. कपडेवालीनं ते निरखून पाहिलं आणि म्हणाली, "आजी, हे जुनं वाटत नाहीये." मग त्यांना कोरं करकरीत लुगडं मिळालं. त्याला मापात भोकं पाडून त्यावर शोभतील अशा रंगांची ठिगळं लावली होती. नायिका सृष्टीच्या गालावर तर रंगभूषाकार बोटाच्या टोकानं धूळ लावत होता. हळदीकुंकवाला हळद लावावी, इतक्या बेतानं. पोटात अन्न नसलेल्या त्या नायिकेच्या नाकात टपोरी नथ होती. शमशादनं विचारलं, "ही नथ इकून चार पायल्या ज्वारी न्हाई का येनार?" कपडेवाली म्हणाली, "प्रेक्षकांना बायका नटलेल्या आवडतात, मावशी."

मग एक साहाय्यक आला. वय बावीस-तेवीस असेल. त्यानं झुंबरबाईंच्या हातातला हातोडा काढून घेतला आणि खडी कशी फोडतात ते करून दाखवलं. दगड थर्माकोलचा होता, त्यामुळं त्याचं काम फार झकास झालं.

"तुमचा हात खोटा वाटतोय, आजी. थोडा फील आणा."

"आनते की," झुंबरबाई म्हणाल्या, आणि शमशादकडं बघून त्यांनी पदर तोंडावर घेतला. दोघींना हसू आवरेना. कॅमेऱ्यात ते रडण्यासारखं दिसलं आणि हर्षल सर खूश झाले.

दुपारी दुष्काळग्रस्तांना जेवायला पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड. दुष्काळ इतका चांगला असू शकतो, याची गावाला कल्पना नव्हती. बाया दुसऱ्या दिवशी वेळेच्या तासभर आधीच हजर झाल्या.

मालिका सगळ्या कुटुंबानं एकत्र बसून बघावी अशी होती. हे वाक्य सेटवर दिवसातून पन्नासदा कानावर पडायचं. मजुरांची हजेरी घेणारा मुकादम खलनायक होता, पण त्याला शिवी द्यायची बंदी होती, तो सगळ्यात जास्त भडकला की "लबाड कुठले!" म्हणायचा. बाहत्तरचा खरा मुकादम काय म्हणायचा ते झुंबरबाईंनी एकदा आदिनाथच्या कानात सांगितलं, तर त्याचे कान लाल झाले.

हा आदिनाथ शेवगावकडचा. पुण्यात शिकून मुंबईत संवाद लिहायला लागलेला. अख्ख्या युनिटमध्ये तो एकटाच असा, की झुंबरबाईंना 'आजी' म्हणताना आवाज गोड करत नसे. तिसऱ्या दिवशी ऊन चढलेलं असताना तो वही घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसला.

"आजी, खरं कसं होतं हो तेव्हा?"

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. पोरांनी नाही, सुनांनी नाही. झुंबरबाईंनी तलावाकडं बघितलं.

"माझी धाकली बहीन हुती," त्या म्हणाल्या. "हिरा. नऊ वर्साची. कामावर दुपारी सुकडी वाटायचे. पिठाची, गुळाची, कोरडी. ती घिऊन माज्याकडं आली, म्हनली, आक्का, ऊन लई हाय. मी म्हनलं, जा, मुरमाच्या खानीत कडंला बस, तिथं सावली हाय. सगळ्या माळावर सावली तेवढीच हुती. वरून कड ढासळली. आमी हातानं उकरलं. ही शमशाद बी हुती. तिची दोन नखं गेली. हिरा सापडली तवा मुठीत सुकडी तशीच हुती."

आदिनाथचं पेन कधीच थांबलं होतं. तो म्हणाला, "हे मालिकेत घेऊ का? तुमची हरकत नसेल तर."

झुंबरबाईंनी विचार केला. हिराचा एकही फोटो नव्हता. तिचं नाव घेणारी माणसं आता दोनच उरली होती, आणि त्या दोघीही आपापल्या घरी ते घेत नसत. टीव्हीवर आली तर निदान चार लोकांना कळेल की अशी एक पोरगी होती.

"घे," त्या म्हणाल्या. "पन नाव तेच ठेव."

आदिनाथनं रात्रभर जागून प्रसंग लिहिला आणि मुंबईला चॅनेलकडं पाठवला. चॅनेलच्या पंकजा मॅडम गोड स्वभावाच्या होत्या. त्यांचा फोन आला तो कौतुकानंच सुरू झाला.

"आदिनाथ, रडले मी. खरंच रडले. पण साडेसातला लोक ताटावर बसलेले असतात रे. समोर लहान मूल कसं मारायचं?"

"मॅडम, खरी घटना आहे."

"म्हणून तर! लोकांना खरं बघायचं असतं तर त्यांनी बातम्या लावल्या असत्या. मुलीऐवजी दुसरं काही चालेल का? एखादं जनावर? शेळी?"

आदिनाथ भांडला. दोन दिवस भांडला, असं त्यानं नंतर सांगितलं. शेवटी शेळी झाली. पुढच्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं की शेळी मेली तर घरातली बच्चेकंपनी रडेल आणि जेवणार नाही. म्हणून शेळी मरायची नाही, हरवायची, असं ठरलं. हरवून पुढच्या भागापर्यंत ताटकळत ठेवणंही क्रूर वाटलं. तेव्हा ती त्याच भागात सापडायची ठरली. नायिका खाणीच्या तोंडाशी उभी राहून गाणं म्हणणार, शेळी धावत येणार आणि दुष्काळग्रस्त महिला टाळ्या वाजवणार. नाव तेवढं कुणी बदललं नाही. ते आधीच मंजूर झालं होतं, आणि मॅडमना गोंडस वाटलं होतं.

यातलं झुंबरबाईंना काहीच ठाऊक नव्हतं. आदिनाथ तीन दिवस त्यांच्या समोर आला नाही. त्यांना वाटलं, पोरगं कामात असेल.

शूटिंगच्या सातव्या दिवशी सकाळी त्या सेटवर पोचल्या, तर एक माणूस ओरडत होता, "हिरा कुठाय? हिराला आणा रे!"

झुंबरबाई जागच्या जागी थबकल्या. त्रेपन्न वर्षांत त्या माळावर कुणी ती हाक मारली नव्हती.

"हिराला पाला टाका! हिराच्या गळ्यात ती घंटा बांधा!"

वस्तीवरच्या आसारामची शेळी दोरीनं ओढत आणली गेली. दुष्काळाच्या मानानं चांगली गुबगुबीत होती. तिला अंघोळ घातली होती आणि शिंगांना गोंडे लावले होते. शमशादनं शेळीकडं बघितलं, मग झुंबरबाईंकडं. आदिनाथ लांब, गाडीच्या आडोशाला उभा होता. त्याच्याकडं बघितल्यावर झुंबरबाईंना सगळं कळलं.

शॉट लागला. सृष्टीनं गाणं म्हटलं. शेळी धावत आली, कारण सृष्टीच्या मागं आसाराम मक्याचं कणीस घेऊन बसला होता. बायांनी टाळ्या वाजवल्या आणि सांगितल्याप्रमाणं ओरडल्या, "हिरा सापडली! हिरा सापडली!"

"कट! दुसऱ्या रांगेतल्या आजी, टाळ्या नाहीत वाजवल्या तुम्ही." हर्षल सर छत्रीखालून उठून आले. "आजी, आनंद पाहिजे चेहऱ्यावर. हिरा सापडलीय तुम्हाला!"

झुंबरबाईंनी हातातलं घमेलं खाली ठेवलं.

"न्हाई सापडली," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"हिरा सापडली तवा मी हुते तिथं. टाळ्या कुनी वाजवल्या न्हाईत."

आणि त्या कॅमेऱ्यासमोर, थर्माकोलच्या खडीवर खाली बसल्या. खडी कुरकुरली. त्यांच्या शेजारी शमशाद बसली. मग एकेक करत बाकीच्या बाया बसल्या. काहींना कारण माहीत होतं. काहींना शमशादनं तिथंच चार वाक्यांत सांगितलं, आणि ते पुढं पसरायला वेळ लागला नाही.

हर्षल सर वाईट माणूस नव्हते. त्यांना सूर्य मावळायच्या आत चार प्रसंग उरकायचे होते, एवढंच. ते उकिडवे बसले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "आजी, काय करू सांगा."

"शेळीचं नाव बदला."

"नाव मंजूर झालंय हो. बदलायचं तर मेल करावा लागतो, त्यांची मीटिंग होते. चार दिवस जातात."

"बसतो की चार दिवस," शमशाद म्हणाली. "जेवान चांगलं हाय तुमचं."

कुणीतरी पोलिसांचं नाव काढलं. आसाराम उठला, शेळीची दोरी सोडली आणि म्हणाला, "मग आमी बी निघतो." आता शेळीही जाणार म्हटल्यावर फोन लागला. पंकजा मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "किती शॉट राहिलेत?"

"सगळेच, मॅडम."

चार दिवसांचं काम दीड मिनिटात झालं. 'राणी' हे नाव पुढं आलं, पण त्या नावाची सासू त्याच चॅनेलवर दुपारी असते. 'लक्ष्मी'नं भावना दुखावतील. शेवटी चंद्री ठरली.

झुंबरबाई उठल्या, लुगडं झटकलं, आणि पुढच्या शॉटला त्यांनी टाळ्या वाजवल्या. चंद्रीबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

संध्याकाळी सामान आवरत असताना आदिनाथ आला. खाली मान घालून उभा राहिला.

"आजी, माझ्या हातात काही नव्हतं."

"नाव हुतं की," झुंबरबाई म्हणाल्या. "तेवढं तर खोडता आलं असतं."

त्यांनी त्याला सोपं करून दिलं नाही. त्या शमशादबरोबर घराकडं चालू लागल्या. घर जवळ आल्यावर शमशाद एवढंच म्हणाली, "तिला शेळी केली त्यांनी, झुंबर." आणि मग तिथंच, रस्त्याच्या कडेला, झुंबरबाई इतकी वर्षं रडल्या नव्हत्या तेवढं रडल्या.

तो भाग लागला तेव्हा सगळी आळी शमशादच्या घरी जमली होती. शेळी हरवून सापडायला जाहिराती धरून वीस मिनिटं लागली. झुंबरबाई आणि शमशाद टाळ्या वाजवताना तीनदा दिसल्या, कारण एकच शॉट तीनदा लावला होता. पोरंसोरं हरखली. सगळ्यांत चांगलं काम चंद्रीनं केलं होतं, यावर एकमत झालं. झुंबरबाईही म्हणाल्या, "शेळी गुनाची हाय."

गणपती होऊन गेल्यावर आदिनाथ मोटारसायकलवरून एकटाच आला. त्यानं मालिका सोडली नव्हती. घरभाडं भरायचं होतं, असं त्यानं स्वतःहूनच सांगून टाकलं. पण हिराबद्दल वेगळं, एका दिवाळी अंकासाठी लिहायचं त्याच्या मनात होतं. यावेळी शेळी नाही, सापडणं नाही.

झुंबरबाईंनी चहा ठेवला आणि शमशादला बोलावून घेतलं.

"छापायच्या आधी आमाला वाचून दाखवायचं," त्या म्हणाल्या. "दोघींना."

"दाखवतो. कशी होती हिरा?"

"पयलं म्हंजे ती गुनाची बिलकूल नव्हती," झुंबरबाई म्हणाल्या. "दुसऱ्याची सुकडी पळवायची. हिच्या बांगड्या फोडल्या एकदा."

"बांगड्या न्हाई, आरसा," शमशाद म्हणाली. "आन फोडला न्हाई, इकला. चिंचा घेतल्या त्येच्या."

"कवा?"

"तुला न्हाई दिल्या, म्हनून तुला ठावं न्हाई."

आदिनाथनं लिहिलेलं खोडलं आणि पुन्हा लिहायला घेतलं.