सीटवरची पोती

गाडी अजूनही डावीकडे ओढत होती. लेकाने स्टिअरिंग जरा सैल सोडलं की ती कडेच्या गटाराकडे निघायची. उद्या माझी नात हीच गाडी घेऊन घाट उतरणार होती, नव्या नोकरीवर. डाव्या अंगाला सगळी दरी. गाडी सरळ चालेपर्यंत चावी मिळणार नाही, असं लेकाने तिला बजावलं होतं, आणि उद्या ती हजर झाली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

गाडी माझ्या नवऱ्याची, लेकाच्या जन्माआधीची. लेक मेकॅनिक, पण हिला तो चाकं सरळ करायच्या मशीनवर चढवत नाही. वडिलांनी शिकवलं तसंच, चाकांच्या बाजूने दोरी ताणून अंतर मोजतो. दोरीचं दुसरं टोक माझ्याकडे. त्याने टायर आलटूनपालटून पाहिले, हवा तपासली, नुकत्याच घातलेल्या नव्या स्प्रिंगा काढून पुन्हा बसवल्या. मोजमाप दर वेळी चोख, आणि रस्त्यावर गाडीचं आपलं तेच.

“आई, दोरी सैल सोडलीस तू,” तो खेकसला.

“डोक्यात ती दरीच आहे रे.”

दोरी पुन्हा ताणताना माझी नजर ड्रायव्हरच्या सीटवर गेली. मोजताना चालवणाऱ्याचं वजन गाडीत हवं, म्हणून तिथे वाळूची दोन पोती ठेवायची आमची रीत. शिवण माझ्या हातची. हे वजनकाट्यावर उभे राहून हसत होते आणि मी तेवढी वाळू भरत होते. हे गेले, पोती तशीच राहिली.

“अरे, ही तर तुझ्या बाबांच्या वजनाची. तू त्यांच्यापेक्षा कितीतरी हलका, आणि पोरगी तर निम्मीसुद्धा नाही.”

लेकाने पोत्यांवरून एकदा हात फिरवला. मग एकेक उचलून त्याने भिंतीशी ठेवलं आणि नातीला हाक मारून सीटवर बसवलं. हलायचं नाही म्हणाला.

“आणि शिंक आली तर?”

“तर पुन्हा पहिल्यापासून.”

गाडी मागेपुढे ढकलून त्याने मोजलं. या वेळी माप चुकलं, आणि ते पाहून त्याचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा सैलावला. चाकाचा कल ठरवणाऱ्या, चाकामागच्या पत्र्याच्या चकत्या त्याने कमीजास्त केल्या.

नात गाडी घेऊन निघाली. वजन वाढेल म्हणून तो बरोबर बसला नाही, फाटकाशी माझा दंड घट्ट धरून उभा राहिला. सरळ रस्त्यावर तिने क्षणभर दोन्ही हात वर केले. गाडी रेघ मारल्यासारखी गेली.

ती परत आल्यावर त्याने चावी तिच्या हातावर ठेवली, पण सोडली नाही.

“सामान किती आहे तुझं?” तो म्हणाला. “आणि ठेवणार कुठल्या बाजूला?”