पारड्यावरचा हात

मित्रांनो, आधी माझ्या पारड्यावरचा तो चिकटपट्टीचा रोल कुणीतरी उचला. पारड्यावर फालतू वस्तू ठेवलेली मला खपत नाही, कधीच खपली नाही. पण आता माझं ऐकतंय कोण? मी एक जुना वजनकाटा आहे. पोटात स्प्रिंग, पुढे काचेची गोल तबकडी, तिच्यात एक लाल काटा आणि डोक्यावर पितळी पारडं. या क्षणी मी जेवणाच्या टेबलावर बसलोय. समोर एक फोन उभा करून ठेवलाय आणि त्या फोनवर माझाच लिलाव चालू आहे. संध्याकाळी तो संपेल. अजून एकही बोली आलेली नाही. बोली आली नाही तर उद्या भंगारवाला मला घेऊन जाणार, तेव्हा जे सांगायचं ते आताच सांगून घेतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. ज्याने माझी स्प्रिंग बसवली तो कारागीर भारी चिकित्सक होता. काटा शून्यावर येऊन केसभर जरी थरथरला, तरी तो मला पुन्हा उघडायचा. मला तेव्हा त्याचा राग यायचा. पण त्याच्यामुळेच मी आयुष्यभर खरं बोललो. कारखान्यातून निघताना तपासनिसाने माझ्या पाठीवर शिक्का मारला आणि मी एका लोखंडी सामानाच्या दुकानात येऊन बसलो.

दुकानाचे मालक म्हणजे आमचे अण्णा. तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते आणि आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. खिळे, स्क्रू, साखळ्या, बिजागऱ्या, सगळं माझ्यावरून जायचं. अण्णांची एक सवय होती. माल पारड्यात टाकला की ते दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि काटा स्थिर होईपर्यंत तसेच उभे राहायचे. शेजारचा एक दुकानदार पारड्याला हळूच बोट लावायचा, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. अण्णा मात्र म्हणायचे, "बोट लावलं की काटा गेला, आणि काटा गेला की दुकान गेलं." गिऱ्हाइकं लांबून यायची आणि वजन न बघताच पुडी उचलायची. माझी छाती फुगायची, मित्रांनो. काट्याला याहून मोठं कौतुक काय असतं?

त्या बाजाराची आणखी एक रीत तुम्हाला सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. एखादं दुकान बंद झालं की त्याचा उरलेला माल बाजारामागच्या पटांगणात ओरडून लिलावात निघायचा. लोक घोळका करून उभे राहायचे, पण पहिलं तोंड उघडायला कुणी धजायचं नाही. मग विकणाऱ्याचाच भाऊ नाहीतर मित्र पहिली बोली द्यायचा. ती घरची बोली आहे हे सगळ्यांना कळायचं, कुणी मनावर घ्यायचं नाही. एकदा शांतता मोडली की बाकीचे बोलू लागायचे. अण्णांनी कितीतरी मित्रांसाठी अशी पहिली बोली दिली होती. त्यांच्या लेखी तो शेजारधर्म होता.

पुढे दुकानासमोर एक भलंमोठं दुकान आलं. तिथे खिळेसुद्धा पाकिटात बंद मिळायचे, त्यांना काट्याची गरजच नव्हती. आमच्याकडे माश्या मारायची वेळ आली. शेवटी अण्णांनी दुकान बंद केलं, उरलेला माल लिलावात काढायला मन धजेना म्हणून पोत्यांत भरला आणि मला घरी आणलं. घरी मी पलंगाखाली पडलो. माझ्या पारड्यात कुणीतरी कपड्यांचे चिमटे ठेवू लागलं. ज्याच्यासमोर माणसं श्वास रोखून उभी राहायची, त्याच्या डोक्यावर चिमटे! मी मुकाट्याने सोसलं, दुसरं करणार काय?

मला तिथून बाहेर काढलं ते अण्णांच्या सुनेने. अण्णांचा मुलगा लेथवर काम करायचा. एक दिवस त्याचा उजवा हात मशीनमध्ये गेला आणि त्यानंतर तो हात नुसता शोभेला उरला. घरभाडं थांबत नव्हतं, औषधं थांबत नव्हती. सूनबाई हातावर हात धरून बसणारी नव्हे. तिने ती पोती उपसली. जुन्या घडणीच्या पितळी कड्या, जाडजूड कुलपं, नक्षीच्या मुठी. आता अशा वस्तू कुणी बनवत नाही, आणि शौकीन लोक त्या शोधत असतात, हे तिला फोनवरून कळलं होतं. तिने एका लिलावाच्या साइटवर खातं उघडलं आणि विकायला सुरुवात केली. नवरा डाव्या हाताने फोटो काढायचा, ती पुसायची, मजकूर लिहायची, खोकी बांधायची. आणि प्रत्येक खोकं वजनासाठी माझ्यावर यायचं. मला पुन्हा काम मिळालं.

काय दिवस होते ते! वस्तू पोहोचली की घेणारे लोक तिच्या नावापुढे तारे द्यायचे. "वर्णनाप्रमाणेच माल", "बांधणी उत्तम" असं लिहायचे. ते तारे म्हणजे तिचं दुकान, तिची पाटी, तिची पत, सगळं काही. ती एखादी कडी किंचित वाकडी असली तर त्याचा वेगळा फोटो टाकायची. खोकं माझ्यावर ठेवून ती दोन्ही हात मागे घ्यायची. कुणी शिकवलं नव्हतं, अण्णांचं बघून आलं असावं.

अण्णा दिवसभर माझ्या बाजूच्या खुर्चीत बसायचे. त्यांना यातलं सगळं जाणून घ्यायचं होतं. एकदा त्यांनी विचारलं, "सूनबाई, यात बोली कशी लावतात गं? ओरडायचं कुठे?"

ती दातात चिकटपट्टी धरून खोकं बांधत होती. कुरिअरवाला खाली हॉर्न वाजवत होता. ती म्हणाली, "अण्णा, तुम्हाला नाही कळायचं. जरा ती कात्री द्या."

अण्णांनी कात्री दिली. ती वाईट मनाने बोलली नव्हती, घाईत होती, एवढंच. पण अण्णांचा चेहरा मी जवळून पाहिला. दुसऱ्या दिवशी ते फिरायला म्हणून गेले आणि मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून स्वतःच्या फोनवर ते सगळं शिकून आले.

त्यानंतर सूनबाईने नवीन वस्तू टाकली आणि बोलीच्या जागी शून्य दिसत राहिलं, की अण्णांचा जीव खालीवर व्हायचा. ते हळूच फोन काढायचे आणि पहिली बोली देऊन टाकायचे. मग दुसरं कुणीतरी वर बोलायचं, अण्णा बाजूला व्हायचे आणि स्वतःशीच हसायचे. सूनबाई नवऱ्याला म्हणायची, "बघ, हल्ली लगेच उठाव होतो." अण्णा खिडकीबाहेर बघत बसायचे. मला सगळं दिसत होतं. पण मला तोंड नाही, फक्त तबकडी आहे.

मग ती खिडक्यांच्या खिट्ट्यांची पेटी आली. पाडायला काढलेल्या एका जुन्या घरातून सूनबाईने ती पदरमोड करून आणली होती. तसल्याच आणखी कितीतरी पेट्या बाहेरच्या बोळात रचल्या होत्या. अण्णांनी नेहमीसारखी पहिली बोली दिली. यावेळी दुसरं कुणी बोललंच नाही. मुदत संपली आणि पेटी अण्णांच्याच नावावर पडली. साइटने त्यांना अभिनंदन कळवलं आणि माल कुठे पाठवायचा ते विचारलं. अण्णांनी घाबरून जो पत्ता येत होता तो दिला. म्हणजे हाच, आपल्या घराचा.

त्याच दुपारी सूनबाईचं खातं बंद झालं. विकणाऱ्याच्याच घरातून बोली लावून भाव वाढवल्याचं आढळलं आहे, असा निरोप होता. सगळे तारे गेले, सगळं लिहिलेलं कौतुक गेलं. ती फोन हातात धरून भिंतीला टेकून खाली बसली. तिला वाटलं, नवऱ्याने केलं.

"माझ्याकडे कशाला बघतेस?" तो म्हणाला. "मी असलं करीन का?"

"मग घरात आहे कोण दुसरं?"

अण्णा उठून उभे राहिले. "मी केलं," ते म्हणाले. "पहिला आवाज कुणीतरी द्यायला लागतो गं. आमच्यात देतातच."

सूनबाई रडली नाही. तिचा आवाज अगदी कोरडा होता. ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही माझ्या पारड्यावर बोट ठेवलंत."

मित्रांनो, मी लोखंड आहे. तरी ते वाक्य मला सोसवलं नाही. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. तोवर त्यांना खरोखरच कळलेलं नव्हतं. पटांगणात सगळे एकमेकांना ओळखायचे, घरची बोली कुठली ते उघड असायचं. इथे पलीकडचा माणूस त्यांना खरं गिऱ्हाईक समजून वर बोलत होता. ते खुर्चीत जाऊन बसले.

सूनबाईने साइटला विनवण्या केल्या. म्हातारे आहेत, त्यांना नियम माहीत नव्हता, एक संधी द्या. प्रत्येक वेळी एकच उत्तर यायचं, की निर्णय अंतिम आहे आणि संपर्काबद्दल आभार. अण्णांनी मुलाला विचारलं, "त्यांचं दुकान कुठे आहे? मी जातो, त्यांच्या पाया पडतो. माझी चूक आहे, तिची नाही, हे समोर उभं राहून सांगतो."

"अण्णा, दुकानच नाहीये. तिथे माणूस नाही कुणी."

"माणूस नाही, मग मला चोर ठरवलं कुणी?" अण्णा म्हणाले.

त्यानंतर घरात बोलणं आटलं. सूनबाई अण्णांना वेळेवर जेवायला वाढायची, गोळ्या हातात द्यायची, पण बोलायची नाही. बोळातल्या पेट्यांवर धूळ बसली. घरमालक दोनदा दारात येऊन घसा खाकरून गेला. शेवटी तिने दुसऱ्या एका लहान साइटवर नवं खातं उघडलं. तिथे तिच्या नावापुढे एकही तारा नाही. बिनताऱ्यांच्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? कड्या टाकल्या, कुलपं टाकली, कुणी ढुंकून पाहिलं नाही. भंगारवाल्याने सगळं किलोच्या भावात मागितलं. मग नवरा चाचरत म्हणाला, "असले जुने काटे लोक हौसेने घेतात म्हणे. एकदा हा टाकून बघ. नाहीच गेला, तर सगळ्यासकट भंगारात देऊ." तिने माझ्याकडे पाहिलं आणि फडकं घेतलं.

तिने मला पुसलं, फोटो काढून घेतले, मजकूर लिहायला बसली. त्यात एक रकाना होता, वस्तूचं वजन. सवयीने तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि टेबलावर माझ्याच जागेकडे वळली. तिथे काहीच नव्हतं. मला तोलायला घरात दुसरा काटा नाही. ती मला पोटाशी धरून तशीच उभी राहिली. मग तिने इतक्या दिवसांत पहिल्यांदा हाक मारली, "अण्णा, याचं वजन किती असेल हो?"

अण्णा खुर्चीत होते. त्यांनी मान वर केली नाही. "मला नाही कळायचं गं," ते म्हणाले.

ते टोमणा मारत नव्हते. तेच तर वाईट होतं, त्यांना ते मनापासून पटलेलं होतं. सूनबाईने मला खाली ठेवलं. खुर्ची ओढून ती त्यांच्याजवळ बसली, फोन दोघांच्या मध्ये धरला आणि म्हणाली, "इकडे बघा अण्णा. मी सांगते. हे तेव्हाच सांगायला हवं होतं." आणि तिने त्यांना सगळं समजावलं, बोली कशी लागते, पलीकडे कोण असतं, घरच्यांनी का लावायची नाही. अण्णा प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. तिने घाई केली नाही. आता घाई करण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

आणि आता ही संध्याकाळ. खिडकीतलं ऊन माझ्या तबकडीवरून सरकून भिंतीवर गेलंय. फोनवर अजून शून्यच आहे. अण्णांचा स्वतःचा फोन त्यांच्या खिशात आहे. मघाशी त्यांचा हात दोनदा तिकडे गेला. एक बोली दिली असती तर मी या घरात राहिलो असतो, त्यांना ते माहीत आहे आणि मलाही. तिसऱ्या वेळी त्यांनी फोन बाहेर काढला आणि सूनबाईच्या हातात दिला. "तुझ्याजवळ ठेव," ते म्हणाले. "मला बघवत नाही."

तिने तो घेतला आणि चिकटपट्टीचा रोल माझ्यावरून उचलला. बघा, शेवटी उचललाच कुणीतरी.

मित्रांनो, मी काही फार शहाणा नाही. मला एकच काम येतं. पण तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस नव्या गोष्टीबद्दल काही विचारायला आलं, तर हातातलं काम थोडा वेळ खाली ठेवा. कुरिअरवाला थांबतो. 'तुम्हाला नाही कळायचं' हे बोलायला फार सोपं असतं, पण ज्याला ते ऐकावं लागतं त्याच्यावर त्याचं किती ओझं पडतं, ते मोजणारा काटा अजून कुणी बनवलेला नाही.

आता मुदत संपत आली. अण्णा उठून माझ्याजवळ आलेत. सगळ्या आयुष्यात त्यांनी माझ्या पारड्याला बोट लावलं नाही. आज त्यांनी अख्खा हात ठेवलाय, तळवा उघडा, जसा लेकराच्या डोक्यावर ठेवतात तसा. सूनबाई फोनकडे बघतेय, मुलगा तिच्याकडे बघतोय, माझ्या तबकडीकडे कुणाचंच लक्ष नाही. म्हणून तुम्हालाच सांगतो. काटा जेमतेम हलला. अण्णांचा हात फार हलका झालाय.