आमच्या ह्यांना दुकानात झोपवलं

मी चौथीही पास नाही. पण आपला नवरा श्वास घेतोय की नाही, हे ओळखायला शाळा लागत नाही.

आमच्या ह्यांचा झोपेत श्वास अडतो. डॉक्टरांनी नाकाला लावून झोपायचं मशीन घ्यायला सांगितलं. नळीतून हवा जाते, श्वास चालू राहतो. दोन वर्षं गुण आला, मग मशीन बिघडलं. सुरुवातीला नीट चालायचं, अर्ध्या तासानं तापलं की हवा मंदावायची. हे घोरायचे, आणि घोरता घोरता गप्प व्हायचे. अकरा रात्री मी त्यांच्या छातीवर हात ठेवून बसले. छाती हलली नाही की ह्यांना गदागदा हलवायचं.

मशीन घेतलं त्या दुकानात तीनदा गेले. तिथला टायवाला मॅनेजर मशीन टेबलावर दोन मिनिटं चालवायचा आणि नळीपुढे तळहात धरायचा. "हवा येतेय की, आजी! मास्क सैल लावत असाल." तिसऱ्यांदा तर माझ्या सुनेकडे बघून हसला. "तुम्हीच लावून देत जा हो. म्हाताऱ्या माणसांना बटणं झेपत नाहीत."

मी चकार शब्द बोलले नाही. सून तिथेच घाबरली. मी गप्प बसले की कुणाचे तरी दिवस भरले, हे तिला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ह्यांना, सुनेला आणि मशीनला घेऊन दुकान गाठलं. चार-पाच गिऱ्हाइकं होती. दाराजवळ विकायला ठेवलेली आजाऱ्यांची खाट होती.

"अहो, आडवे व्हा."

"इथे?" हे म्हणाले.

"घरी काही झालं तर कोण बघणार? इथे चार माणसं आहेत."

"आई, चला ना घरी," सून कुजबुजली.

"तू नळी जोड."

टायवाला धावत आला. "आजी, हे दुकान आहे!"

"मास्क तू लाव. मला झेपत नाही ना?"

गिऱ्हाइकं बघत होती. त्यानं मुकाट्यानं पट्टे आवळले. अकरा रात्रींची झोप तुंबलेली, हे पाच मिनिटांत झोपले. मी टायवाल्याला स्टुलावर बसवलं आणि त्याचा हात ह्यांच्या छातीवर ठेवला. "आता काढायचा नाही."

अर्ध्या तासानं घोरणं सुरू झालं. काचेचं कपाट थरथरलं म्हणा ना! आणि मग एकदम गप्प. एक बाई मोठ्यानं आकडे मोजायला लागली. दहा. वीस. टायवाला पांढराफटक पडला. "आजी, उठवा ना ह्यांना!"

"तुला बटणं कळतात ना? दाब एखादं."

सव्विसाव्या आकड्याला त्यानंच ह्यांना हलवलं. हे धापा टाकत उठले.

नवं मशीन कपाटातून कसं धावत आलं! ते लावून हे पुन्हा झोपले, तान्ह्या पोरासारखे. सून म्हणाली, "झालं ना आई आता?"

कसलं झालं? आकडे मोजणारी बाई पुढे आली. "माझ्या भावालाही ह्यानं मास्क सैल आहे म्हणून परत पाठवलंय."

मी टायवाल्याला तक्रारींची वही काढायला लावली. तसल्याच मशीनच्या सतरा तक्रारी निघाल्या.

"लाव फोन, एकेकाला. मोठ्यानं बोल. मशीन खराब आहे, आजच घरी येऊन बदलून देतो, चूक आमची. आणि तुम्हाला खोटं पाडलं, हेही सांग."

"आजी, पाया पडतो. मालकांना कळलं तर नोकरी जाईल माझी."

"माझा नवरा गेला असता तर दुसरा कुठून देणार होतास? ह्या कपाटातून?"

त्यानं फोन लावले. तिसऱ्या माणसानं त्याला अशा शिव्या घातल्या की मलाही दोन नव्या कळल्या. मी मध्ये पडले नाही. सातव्या फोनला त्याचा घसा बसला. त्यानं पाणी मागितलं. सुनेनं दिलं, तिचं मन मऊ आहे. पेला रिकामा होईपर्यंत मीही थांबले. मग वही त्याच्यापुढे सरकवली आणि आठव्या ओळीवर बोट ठेवलं.