जिन्यावरची चौथी सिगारेट

ग्रंथालयाच्या बांधणी विभागात आम्ही दोघेच. फाटकी पुस्तकं मी शिवायचो, पुठ्ठा मामा चढवायचा. त्याला सगळे मामा म्हणत. मी त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा, तरी मीही मामाच म्हणायचो. ते जरा हास्यास्पद वाटायचं, पण दुसरं काही म्हणायचं धाडस झालं नाही.

अकरा वाजता मागच्या लोखंडी जिन्यावर चौघे जमायचो: आम्ही दोघे, लिफ्टमन आणि नोंदणीच्या बाई. खरं सांगायचं तर मला सिगारेटपेक्षा जिना हवा असायचा. मला माणसांशी बोलायला जमत नाही. हातात सिगारेट असली की गप्प उभं राहिलं तरी चालतं.

मामाच्या फुप्फुसाचं दुखणं कळलं त्या आठवड्यात तो म्हणाला, "तू सोड."

"आणि तू?"

"मला कुठलं जमतंय आता! तुझं बघू."

मी याआधी तीनदा सोडली होती. तिन्ही वेळा कुणीतरी पाकीट पुढे केलं आणि माझ्याच्यानं नको म्हणवलं नाही. म्हणून या खेपेला मी जिन्यावर जाणंच बंद केलं. तिसऱ्या दिवशी मामा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"सिगारेट सोडलीस ते बरं केलंस. आम्हाला का सोडतोस?"

मग रोज तो मला दंडाला धरून न्यायचा. कुणी पाकीट पुढे केलं की माझ्याआधी हाच सांगायचा, "त्याला नको." चौदा महिने माझा नकार मामानेच दिला. त्यानंतरचे शेवटचे दोन महिने तो दवाखान्यात होता, पण तोवर कुणी मला विचारेनासं झालं होतं.

मामा गेल्यानंतरच्या सोमवारी आम्ही तिघे जिन्यावर गेलो. लिफ्टमनने खिशातून चुरगळलेलं पाकीट काढलं.

"मामांच्या खणात सापडलं. चार आहेत. एकेक आपली, चौथी त्यांची. तेवढंच त्यांच्या आठवणीनं."

बाईंनी डोळे पुसत एक घेतली. एक माझ्याही बोटांत आली. कशी आली, कोण जाणे. लिफ्टमनने काडी ओढली, ज्योत हाताच्या आडोशाला धरली आणि माझ्यासमोर आणली.

मी काही तरी पुटपुटलो.

"काय म्हणालात?"

"मला नको."

"अहो काका, एकीनं काय आभाळ कोसळतंय? मामांसाठी आहे."

काडी त्याच्या बोटांपर्यंत आली आणि त्याने ती चटकन झटकली. तो दुखावला होता. मला वाटलं, संपलं, आता हा जिनाही गेला. काही तरी बोलणं भाग होतं आणि नेमकं तेच मला येत नाही.

"मी गेलो होतो त्याला भेटायला," मी म्हणालो. "नळ्या लावलेल्या. श्वास पुरत नव्हता. नर्स आली तर तिला माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, यानं सोडली. माझ्यामुळे."

बोटांतली सिगारेट फिरवत मी पुढे बोललो.

"माझ्यामुळे, असं त्याने कधी कशाबद्दल म्हटलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. कपाटं त्याने लावली, नाव माझं सांगितलं. एवढी एकच गोष्ट त्याने स्वतःची म्हणून सांगितली. ती मी खोटी कशी पाडू?"

इतकं सलग मी त्या जिन्यावर कधी बोललो नव्हतो. लाज वाटली. मी सिगारेट पुढे केली, पण लिफ्टमन घेईना. शेवटी बाईंनी ती घेऊन पर्समध्ये टाकली.

"संध्याकाळी ओढीन. वाया कशाला घालवा?"

लिफ्टमन हसला. मग बाईंची आणि आपली पेटवून, धूर माझ्याकडे येऊ नये म्हणून दोन पायऱ्या खाली जाऊन बसला.

"कुठली कपाटं हो, काका?" त्याने खालून विचारलं.

मी सांगायला लागलो. सांगताना अडखळलो, मधला भाग विसरलो, पुन्हा मागे गेलो. दोघांच्या सिगारेटी विझल्या तरी कुणी उठलं नाही.