शिल्लक रजा

घरात तिला सगळे खटपटी म्हणायचे, ते उगाच नाही. लहानपणी एकही कुलूप तिने धड ठेवलं नव्हतं. आता सायबर सुरक्षेत एम.टेक. करत होती, म्हणजे तीच खोड, फक्त सही-शिक्क्यानिशी.

शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी कॉलेजच्या दोनशे दहा कर्मचाऱ्यांना खोटा मेल पाठवायचा आणि किती जण फसतात ते मोजायचं. परवानगीच्या कागदावर अट एकच: आकडे घ्यायचे, नावं नाहीत.

आता गळाला आमिष काय लावायचं? ते तिला जेवताना सापडलं. ती राहायची मावशीकडे, आणि मावशी त्याच कॉलेजात एकोणीस वर्षं प्रवेशाचे अर्ज तपासत होती. रोज एकच रडगाणं. "शिल्लक रजा गिळतात गं मेले! डोळ्याच्या ऑपरेशनसाठी एकेक जपून ठेवतेय मी."

खटपटीने मेल लिहिला: 'तुमच्या शिल्लक रजा आज पाच वाजता रद्द होतील. टाळण्यासाठी लॉगिन करा.' आणि स्वतःवरच खूश झाली. अक्कल चरायला गेलेली, दुसरं काय!

संध्याकाळपर्यंत अकरा जणांनी पासवर्ड भरला. आकडा तिने प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना कळवला. दुसऱ्या दिवशी सरांना दाखवायला म्हणून तिने फाइल उघडली. मेलमधल्या लिंकवरचं तिचं ते खोटं लॉगिनचं पान नुसतं मोजणार होतं ना? ते टाइप केलेलं सगळं साठवत बसलं होतं. चाचणीपुरती चालू केलेली नोंद बंद करायला ती विसरली होती. अकरा नावं, अकरा पासवर्ड, अख्खी रात्र भाड्याच्या सर्व्हरवर उघडे. चौथं नाव मावशीचं.

तेवढ्यात रजिस्ट्रारचं बोलावणं. सर आधीच तिथे बसलेले.

"अकरा बावळट निघाले म्हणे," रजिस्ट्रार म्हणाला. "नावं द्या. नव्या वर्षी कामावर कोणाला ठेवायचं ते ठरवायला बरं."

"नावं घेतलेलीच नाहीत साहेब," सर म्हणाले आणि तिच्याकडे बघितलं.

नुसती मान हलवली असती तरी डिग्री खिशात होती. पण ते पासवर्ड रात्रीत कोणी उचलले असतील तर?

"आहेत, सर," ती म्हणाली. "माझी चूक झाली. पण देणार नाही. सगळ्यांचेच पासवर्ड आत्ताच्या आत्ता बदलायला लावा. म्हणजे कोण फसलं ते कळायलाही नको."

"देणार नाही म्हणजे? मी मागतोय!"

सरांनी परवानगीचा कागद पुढे सरकवला. खाली रजिस्ट्रारचीच सही. त्याने सगळ्यांचे पासवर्ड बदलायचा हुकूम काढला, पण चेहरा कढईसारखा तापलेला.

फाइल सरांसमोर पुसली गेली. प्रबंधही गेला. अट मोडली होती, आता पुन्हा पहिल्यापासून. अख्खं वर्ष पाण्यात.

घरी पोचली तर मावशी पर्ससुद्धा न ठेवता उभी.

"ऑफिसात बोंब झालीय. कुठल्या पोरीने अकरा जणांना मूर्ख बनवलं म्हणून. तूच ना ती?"

"हो."

"माझंच बोलणं उचललंस. मला विचारावंसंही नाही वाटलं?"

खटपटीने खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"नावं बघितलीस?"

"बघितली."

"मी होते?"

"सांगता येत नाही मावशी. कोणालाच नाही."

"रजिस्ट्रारचं ठीक आहे गं. मी तुझी मावशी! माझंच मला सांगायला काय जातंय?"

"असं कसं सांगू? मग बाकीच्या दहा जणांनी काय..."

ती थांबली. पण शब्द सुटला होता. अकरातून एक तिनेच वजा करून दिला होता. रजिस्ट्रारला जे नाव दिलं नाही, ते स्वतःच्याच तोंडून सांडलं.

मावशीने पर्स खुर्चीवर टाकली. "दहा," ती म्हणाली. मग आत जाऊन तिने एक ताट वाढून झाकलं आणि परत आली.

"आता अजून वर्षभर इथेच राहणार ना?"

"हो."

"राहा. जेवण झाकून ठेवलंय. माझ्याशी मात्र काही दिवस बोलू नकोस."