दोन पहारेकरी आणि मी

मी फाइल बोलतेय. लाल नाडी बांधून कपाटात धूळ खाणारी नव्हे हो! मी कॉम्प्युटरच्या पोटातली. चौक गावाजवळच्या रंगाच्या कारखान्यात १९८८ साली माझा जन्म झाला. कुठल्या छटेला कोणता रंग किती घालायचा, हे मी चुटकीसरशी सांगते.

मला लिहिलं जयवंताने. भातशेतीवाल्या घरातली ही मुलगी कॉम्प्युटर शिकली आणि इथे तात्पुरती लागली. मुंबईचे साहेब येऊन मला बघणार होते. मी चालले तर तिची नोकरी पक्की, नाहीतर तिने घरी बसायचं. घरी म्हणजे थेट बोहल्यावर, हे तिला ठाऊक होतं.

मी एका पायावर तयार होते. पण माझ्या दारात दोन पहारेकरी! खालचा मशीनचा स्वतःचा. वरचा युनिक्स नावाच्या कार्यप्रणालीसारखा, जयवंता जे शिकली ते इथे चालावं म्हणून मागाहून बसवलेला. मला चालवायचं तर वरच्याकडूनच यावं लागे. फाइल कोणाची, कोणाला कसली मुभा, याची नोंद दोघंही ठेवत, आणि एकमेकांना मुळीच जुमानत नसत. नुसतं डोकं उठायचं माझं!

आदल्या दिवशी जयवंताला धास्ती वाटली, की घाईत आपल्याच हातून मी पुसली जाईन. तिच्या घरी बियाण्याच्या भाताची कणगी शेणाने लिंपून टाकतात. घरच्यांनी हात लावायचा नाही, शेजाऱ्याला लागलं तर काढून द्यायचं. तिने माझंही तसंच केलं. वरच्याला सांगितलं, मालकाला मनाई, बाकी सगळ्यांना वाचायची नि चालवायची मुभा. सगळ्यांत आपणही आलोच, असं तिला वाटलं. खालच्याकडून उघडून पाहिलं, तर मी उघडले. ती निर्धास्त घरी गेली.

संध्याकाळी मशीनवरच्या हिरामणने नेहमीप्रमाणे सगळ्या फाइली टेपवर घेतल्या, आणि साहेब येणार म्हणून या खेपेला डिस्क साफ करून त्या पुन्हा आत भरल्या. झालं! ज्याने आत भरली तो मालक, असं खालच्याने लिहून टाकलं. वरच्याला पत्ताच नाही.

सकाळी साहेबांसमोर वरचा म्हणाला, जयवंता मालक, तिला मनाई. ती मनाई उठवायला गेली, तर खालचा म्हणाला, मालक हिरामण, तुला काही बदलता येणार नाही. मालकाची मनाई हिला, मालकाचा हक्क त्याला! आता याला काय म्हणावं?

"काल उगडली व्हती हो, हिरामणदादा!" जयवंता रडकुंडीला आली.

"ताई, माज्याकडनं उगडतेय. चालवू का?"

तिने मान हलवली. मी चालले, अगदी बिनचूक. साहेब खूश. त्यांनी मशीनला मालकाचं नाव विचारलं. खालच्याने सांगितलं, हिरामण.

"सायब, म्या नाय केली. ताईनं केलीय," हिरामण काकुळतीने म्हणाला.

"मशीन कशाला खोटं बोलेल? आणि बाईंना तर ती उघडतासुद्धा आली नाही."

"माजीच हाय ती," जयवंता म्हणाली. साहेब तोवर हिरामणची पाठ थोपटत होते.

पुढच्या महिन्यात तिचं लग्न झालं.

आता नवे रंग आलेत, माझी प्रमाणं चुकतात. हिरामण मला उघडून तासन्‌तास बघतो. मला बदलायचा हक्क त्याचा आहे, पण काय बदलायचं ते त्याला कळत नाही. चिडून बोटं मोडतो बिचारा, आणि मीही.

तुमच्यापैकी कोणाला जयवंता भेटली, तर तिला सांगा, वरच्या पहारेकऱ्याने माझी मालकीण म्हणून अजून तिचंच नाव ठेवलंय. नावापुढे मनाई आहे. पण नाव आहे.