सीटवर राहिलेलं पॅराशूट

भाचीसाठी पॅराशूट घ्यायला मामा जातीने गेला होता. दुकानदाराला त्याने नुसतं भंडावून सोडलं. हे जाड, ग्लायडरच्या, त्या बिनइंजिनाच्या विमानाच्या, सीटमध्ये मावायचं नाही. ते पातळ, पण हिचं वजन पेलेल का? एकेक पाठीवर चढवून, पट्टे आवळून, तिला बसवून-वाकवून पाहिलं, तेव्हा कुठे स्वारीचं समाधान झालं. शिकवायच्या मुख्य प्रशिक्षक बाई, पण मामाही जुना वैमानिक, सुट्टीच्या दिवशी भाची त्याच्याबरोबर उडायची आणि उचलायची सगळं मामाचंच. मामाला त्याचं कोण कौतुक!

आज ती पहिल्यांदा एकटी उडणार होती. त्याआधी जमिनीवरच एक परीक्षा. ग्लायडर उभं, पंखापाशी गादी, बाई ओरडल्या की बाहेर उडी मारायची.

"उडी!"

भाचीने काचेचं झाकण ढकललं, सीटचे पट्टे सोडले आणि त्याच झपाट्यात छातीवरचे पॅराशूटचेही. ती गादीवर अलगद उतरली. पॅराशूट सीटवरच राहिलं.

ग्लायडर ठेवायच्या हँगरच्या दाराशी जमलेल्या पोरांत हशा पिकला. बाई मात्र हसल्या नाहीत. "वर असतीस तर संपली असतीस. आजचं उड्डाण रद्द. ही सवय कुठून लागली तुला?"

भाचीने मामाकडे चुकूनही पाहिलं नाही. "घाईत झालं, बाई. माझंच चुकलं."

मामाची कानशिलं तापली. पॅराशूट अंगावर ठेवूनच ग्लायडरमधून उतरायचं, म्हणजे खऱ्या वेळेला हात चुकत नाही, हा नियम त्याला तोंडपाठ होता. पण गुडघ्यांनी कधीच दगा दिला होता. ते ओझं घेऊन त्याला उठताच येत नसे. म्हणून बसल्या बसल्याच तो सगळे पट्टे सोडायचा आणि वर ऐटीत सांगायचा, "याला स्टाइल म्हणतात!" पोरीने ती स्टाइलही इमानाने उचलली होती. आपले गुडघे झाकायच्या नादात आपण हिचा जीव धोक्यात घातला, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने भाचीचं पॅराशूट बाजूला काढलं, आपलं चढवलं आणि सीटमध्ये जाऊन बसला.

"बाई, आता मला ओरडा."

"उडी!"

सीटचे पट्टे सुटले. हात आपोआप छातीकडे गेला, सगळ्यांच्या देखत. त्याने तो कसाबसा मागे घेतला. कडा धरून अर्धा उठला आणि धपकन खाली बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. या वेळी कुणी हसलं नाही.

"सवय माझी आहे," तो खाली मान घालून म्हणाला. "आणि मला उठता येत नाही. फार दिवसांपासून."

भाची धावत आली. "मामा, हात दे."

"वर कोण हात देणार आहे गं?"

मग त्याने बसल्या बसल्याच छातीवरचे पट्टे सोडले, मोकळ्या अंगाने उतरला, आणि आपलं पॅराशूट घ्यायला परत वळला नाही.